ती वाट बघत नाहीये

माई,

मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे. माझं वय ३८, नवऱ्याचं ४१. तो अमेरिकेचा नागरिक झालाय, मी ग्रीन कार्डवर. उपचारांची पाच वर्षं संपवून आम्ही ‘कारा’कडे, म्हणजे भारतातल्या केंद्रीय दत्तक संस्थेकडे, नाव नोंदवलं. साडेतीन वर्षांनी, गेल्या नोव्हेंबरात, ओडिशातल्या एका संस्थेतली मुलगी आम्हाला सुचवली गेली. तेव्हा ती दोन वर्षं दहा महिन्यांची होती. फोटो बघितला आणि पुढचं नीट वाचायच्या आधीच आम्ही हो म्हटलं. एप्रिलमध्ये ‘कारा’चं ना-हरकत पत्र, एनओसी, आलं. आता दत्तक आदेशाची फाईल तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे आणि दर आठवड्याला ‘होईल, होईल’ एवढंच कळतं. तिचा तिसरा वाढदिवस आम्ही फोनसमोर केक कापून केला. दर शनिवारी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल असतो. मी विचारते, “मी कोण? सांग, आई!” ती बघतच नाही. मागे बायका हसतात. कॉल संपला की मी बाथरूममध्ये जाऊन रडते. ती तिथे माझी वाट बघत असेल आणि मी इथे मीटिंगा करते आहे. नोकरी सोडावी, सांगलीला येऊन राहावं, आदेशाआधीच तिला तिथे आणावं असं वाटतं. नवरा म्हणतो, सगळे कागद झाले की दोघं जाऊ आणि आठवड्यात घेऊन येऊ. सासूबाई तिच्यासाठी गोधडी शिवतायत, पण म्हणतात, हातात कागद पडेपर्यंत कोणाला बोलू नकोस. एक मामा म्हणतात, भुवनेश्वरात ओळख आहे, थोडे पैसे लागतील. रात्री मी चीनने आणि काँगोने परदेशी दत्तक थांबवल्याच्या बातम्या वाचत बसते. काय करू?

— सायली (नाव बदललं आहे)

सायली,

आधी सरळ उत्तर देते, कारण पत्रोत्तरात सल्ला शोधत बसावं लागलं की माझीच चिडचिड होते. ये. पण नोकरी सोडून येऊ नकोस आणि सांगलीला येऊ नकोस. ओडिशात ये, तिच्या गावात. आणि एकदा नाही, दोनदा ये.

का, ते आता सांगते. मी सव्वीस वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत काम केलं. मुलं आली तेव्हा दारात होते, गेली तेव्हाही दारात होते. त्यामुळे पालकांच्या बाजूने विचार करायची मला फारशी सवय नाही. तुला वाचताना कुठे टोचलं तर हे लक्षात ठेव.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. ‘ती तिथे माझी वाट बघत असेल.’ नाही गं. ती वाट बघत नाहीये. वाट बघायची तर माणूस माहीत असावं लागतं. तिच्या लेखी तू म्हणजे शनिवारी फोनच्या काचेत येणारी, मोठ्याने बोलणारी आणि मधेच नाक पुसणारी एक बाई आहेस. तिचा दिवस भरलेला आहे. सकाळी ओळीत उभं राहून दात घासायचे. ठरावीक माउसीकडूनच, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईकडूनच, वेणी घालून घ्यायची, दुसरीने हात लावला तर रडायचं. दुपारी डालमा-भात, मग झोप, झोपेत शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीचा फ्रॉक मुठीत. ती मैत्रीण बहुधा तिला चावतेही. तुला-मला ती संस्था दिसते, फाईलवर तसंच लिहिलंय. तिला दुसरं घर माहीत नाही, म्हणून तेच तिचं घर.

याचा अर्थ तुझी तळमळ खोटी असं नाही. एवढंच की तळमळ तुझी आहे, ती तिच्या नावावर लिहू नकोस. ‘ती माझ्यासाठी झुरते आहे’ असं धरून चाललीस तर भेटीच्या दिवशी ती धावत येऊन मिठी मारेल अशी तुझी अपेक्षा असेल. ती माउसीच्या मागे लपेल. आणि तू पुन्हा बाथरूममध्ये जाशील.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. फार वर्षं झाली. चार वर्षांचा मुलगा होता, त्याला नेणारे पालक परदेशातून आले होते, चांगली माणसं. त्यांचं परतीचं विमान तिसऱ्या दिवशी होतं. मीच म्हटलं, लांबण लावण्यात अर्थ नाही, उगीच रडारड होते. आंघोळ घालून, नवे कपडे चढवून मी त्याला टॅक्सीत बसवलं. जुना शर्ट कळकट होता, तो मी टाकून दिला. तो टॅक्सीच्या मागच्या काचेतून ओरडत होता ते मला आजही दिसतं, आवाज मात्र आठवत नाही, काच बंद होती. पुढे त्या आईचं पत्र आलं. तो दोन महिने जमिनीवर झोपायचा, पलंगावर ठेवलं की उतरायचा, आणि झोपताना काहीतरी हुंगायला शोधायचा. तिने विचारलं होतं, तो काय शोधतो? मला माहीत होतं. मी टाकून दिलं होतं ते.

म्हणून तुझ्या नवऱ्याच्या ‘आठवड्यात घेऊन येऊ’ला माझा विरोध आहे. हिशेब म्हणून तो चुकलेला नाही, अनेक पालक तसंच करतात. आदेश झाला की ‘कारा’ हेग कराराच्या, म्हणजे परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, कलम २३ चं प्रमाणपत्र देते, नव्या पालकांच्या नावाचा जन्मदाखला निघतो, पासपोर्ट निघतो, आणि यातलं बरंचसं संस्था करून देते. पालक शेवटच्या टप्प्याला येतात, व्हिसा घेतात, जातात. कागदाच्या बाजूने सगळं सुरळीत. मुलीच्या बाजूने बघ: एका आठवड्यात भाषा, अन्न, वास, झोपायची जागा आणि ओळखीचं प्रत्येक माणूस, सगळं एकदम नाहीसं.

आणि तुझ्या सांगलीच्या बेताला विरोध आहे तोही याच कारणासाठी. कायद्यात सोय आहे, तू ऐकलंस ते बरोबर आहे. एनओसी मिळाल्यापासून आदेश होईपर्यंत, मूल भारताबाहेर जाणार नाही या अटीवर, हमीपत्र देऊन पालकांना मूल संगोपनासाठी ताब्यात घेता येतं. पण जरा पुढचं चित्र काढ. तू तिला सांगलीला नेतेस. वाड्यातली पंधरा माणसं तिला उचलून घेतात, गाल ओढतात, प्रत्येकजण पेढा भरवतो. आदेश महिन्यात होत नाही, तुझी रजा संपते. मग काय करशील? परत संस्थेत ठेवशील? माझा या बाबतीत एकच कडक नियम आहे: मूल एकदा राहायला बाहेर नेलं की परत ठेवायचं नाही. तू किंवा तुझा नवरा, दोघांपैकी एकजण तिला बाहेर काढल्या दिवसापासून व्हिसापर्यंत सलग राहू शकत असेल तरच तिला संस्थेबाहेर ने. नाहीतर त्या सोयीला हात लावू नकोस.

तर पहिली फेरी आत्ता, वार्षिक सुट्टीतले दोन आठवडे काढून. दोघंही या, तो आठच दिवस आला तरी चालेल. संस्थेच्या अधीक्षकांना आधी लिहून विचार, कोणत्या वेळी येऊन बसता येईल. रोज जायचं, तिथेच बसायचं, आणि तिला बाहेर न्यायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस तिच्याकडे फार बघूही नकोस. जमिनीवर बस, बाकीच्या मुलांशी खेळ, माउसीला भाजी निवडू लाग. मुलं आपल्या माणसांच्या नजरेने नव्या माणसाला जोखतात. माउसी तुझ्याशी हसून बोलली की मुलीचं निम्मं काम झालं.

तू म्हणशील, दोन आठवड्यांनी निघून आले तर ती आणखी दुखावणार नाही का? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण संस्थेतल्या मुलांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ड्युटी. एक माउसी संध्याकाळी जाते, ती परवा येते. गेलेली माणसं परत येतात. तू जाताना चोरून निघू नकोस. तिला समोर बसवून, माउसीच्या तोंडून तिच्या भाषेत सांग की जाते आहे आणि परत येणार आहे. तुम्हा दोघांचा एक फोटो तिच्या खाटेजवळ लावून ये. मग शनिवारच्या काचेत येणारी बाई वेगळी असेल. तिच्या शेजारी बसून भेंडी निवडलेली.

दुसरी फेरी आदेश झाल्यावर, आणि ती व्हिसा होईपर्यंतची. तिच्या गावातच भाड्याची खोली घे. पहिले काही दिवस दुपारी तिला तुझ्याकडे आण, संध्याकाळी परत सोड. मग रात्रही तुझ्याकडे. माउसीला एकदा तुझ्या खोलीवर जेवायला बोलाव, मुलीला ते दिसू दे. निरोप नीट होऊ दे, रडारडीसकट. तिच्या भागातल्या देवालाही हे कळतं. पुरीला रथयात्रेनंतर परतीच्या वाटेवर, बाहुडा यात्रेला, जगन्नाथाचा रथ मावशी माँच्या देवळापाशी थांबतो आणि तिथे त्याला पोड पिठा मिळतो: तांदूळ, गूळ, खोबरं घालून मंद आचेवर भाजलेला. देव पिठा खाऊन मग घरी जातो. बाहुडा आषाढ शुद्ध दशमीला, आणि दुसऱ्या दिवशी इकडे पंढरपूरला आपली आषाढी. तुझ्या सासूबाईंना हे सांग, त्यांना ओडिशा एकदम जवळचा वाटेल.

आता बायका हसतात त्याबद्दल. तू काचेतून ‘आई, आई’ म्हणतेस ना? ओडियात ‘आई’ म्हणजे आईची आई. तू गेले आठ महिने त्या पोरीला बजावते आहेस की मी तुझी आजी! त्या चेष्टा करत नाहीयेत गं, त्यांना खरंच गंमत वाटत असेल. आईला तिकडे ‘बोउ’ म्हणतात किंवा ‘माँ’. काय म्हणवून घ्यायचं ते तू ठरव, पण ती ज्या शब्दाने सुरुवात करेल तो तिचा राहू दे. ‘आई’ पुढे येईलच. तोपर्यंत हसणाऱ्यांत तूही हस.

भाषेचं म्हणशील तर तुझं नशीब जोरावर आहे. ‘पाणी’ तिकडे पाणीच. ‘नाही’ला ते ‘नाहिँ’ म्हणतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल दिवसभर दुसरं काय म्हणतं? ‘माउसी’ ही तर आपली मावशीच. केळ्याला ‘कदळी’, आणि तो ळ आपल्याइतकाच घट्ट, जो तुझ्या न्यू जर्सीत जन्मलेल्या भाचरांना म्हणता येत नसेल. कुणा ओडिया माणसाकडून पन्नास शब्द शीक: भूक, झोप, दुखतंय, शू, भीती, थांब, मी आहे. फळांची आणि रंगांची नावं नंतर. रात्री दोन वाजता परक्या घरात जाग आलेल्या मुलीला रंगांची नावं लागत नाहीत.

कॉलही बदल. तिकडे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा तुझ्याकडे आत्ता, उन्हाळ्यात, सकाळचे साडेसात असतात. म्हणजे तिच्या खाण्याची वेळ आणि तुझ्या चहाची. एकत्र खा. तिच्यासमोर केळं सोल, पोळी लाट, कुत्रा असेल तर दाखव. प्रश्न विचारू नकोस. ‘मी कोण’ हा प्रश्न तर कधीच नको, ती तोंडी परीक्षा आहे आणि ती दर शनिवारी नापास होते. दहा मिनिटांतली सात तू माउसीशी बोल. काय खाते, कशाने चिडते, कुठल्या कुशीवर झोपते, ताप येतो तेव्हा कोण जवळ लागतं, केस धुताना डोळ्यांवर हात धरू देते का. वहीत लिहून ठेव. संस्थेकडून आलेला बाल अध्ययन अहवाल दोन पानांचा असतो आणि बहुतेकांचे अहवाल एकमेकांसारखेच असतात. मी शेकडो लिहिले आहेत, मला विचार. खरं मूल माउसीला माहीत असतं.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण तुझी अमेरिकेतली एजन्सी हे काम करायचेच पैसे घेते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्ज दोन महिन्यांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. आता जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पूर असतो, निवडणूक असते, मंत्र्यांचा दौरा असतो, त्यामुळे ते दोन महिने रबरासारखे ताणतात. तू स्वतः फोन करू नकोस. संस्थेकडून पंधरा दिवसांनी एकदा लेखी विचारणा जाऊ दे: फाईल कोणत्या टप्प्यावर आहे, कोणता कागद कमी आहे. नवऱ्याला एक काम दे. त्याच्या आय-८००ए मंजुरीची, म्हणजे दत्तक घ्यायला अमेरिकन सरकारने दिलेल्या मंजुरीची, तारीख बघायला सांग. ती पंधरा महिन्यांची असते, मुदतवाढीचा अर्ज ती संपण्याआधीच करावा लागतो, आणि वाट बघण्याच्या गडबडीत हे विसरणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत. व्हिसाची वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते, दोन वर्षांवरच्या मुलांची टीबीची चाचणीही असते, आणि त्यात काही शंका निघाली तर आठवडे जातात. म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढ. एक चांगली बातमीही आहे. नवरा नागरिक असल्यामुळे, इथे पूर्ण दत्तक होऊन आयएच-३ व्हिसावर आलेली तुमची मुलगी तिकडे उतरताच अमेरिकेची नागरिक होते, वेगळं भांडावं लागत नाही.

नोकरी सोडू नकोस म्हटलं ते रजेसाठी. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत वर्षभर काम केलेल्या माणसाला बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी राखून, दत्तकासाठीही. त्या प्रक्रियेसाठी मूल ताब्यात येण्याआधी प्रवास करावा लागला तरी ती वापरता येते. न्यू जर्सीचा कुटुंबरजेचा विमा वेगळा, त्यात काही पगारही मिळतो. तुझ्या एचआरला दोन्ही विचार. पण मला भीती आहे ती वेगळीच. तू सगळी रजा ओडिशात वाट बघण्यात संपवशील आणि घरी पोचल्यावर दहाव्या दिवशी तिला डेकेअरच्या दारात सोडशील, म्हणजे पुन्हा एक संस्था, पुन्हा ड्युटीवरच्या बायका. घरचे पहिले दोन महिने राखून ठेव. दुसऱ्या फेरीत नवऱ्याशी पाळी लाव.

मामांना सांग, आभारी आहे, नको. त्यांच्या ओळखीने फाईल एक इंचही पुढे सरकत नाही, फक्त तुझ्या मुलीच्या कागदांवर डाग पडतो. नियमातलं शुल्क ठरलेलं आहे, त्याची पावती मिळते. पावती नसलेला एक रुपयाही जाऊ देऊ नकोस. मूल विकणं-घेणं याला कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि अमेरिकन वकिलातीला नुसता वास आला तरी व्हिसा अडतो.

‘एवढे कागद कशाला’ असं तू लिहिलं नाहीस, पण मनात आलं असणारच. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. परदेशी दत्तकाच्या नावाखाली इथून मुलं नेली जातात, त्यांचं पुढे काय होतं कोणी बघत नाही, असं त्यात होतं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने नियम घालून दिले. आजची सगळी कागदांची चळत तिथून निघाली. मी तरुणपणी त्या चळतीला भरपूर शिव्या दिल्या आहेत. पण ही चळत आहे म्हणूनच उद्या तुझी मुलगी वीस वर्षांची होऊन विचारेल, “मला तुम्ही कसं आणलंत?” तेव्हा तू कपाट उघडून दाखवू शकशील.

चीनच्या बातम्या खऱ्या आहेत. तिथे २०२० मध्ये साथीमुळे सगळं थांबलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी परदेशी दत्तक बंदच केलं, नात्यातली मुलं सोडून. मुलं ठरलेली, खोल्या सजवलेल्या, अशी शेकडो कुटुंबं राहिली. काँगोने २०१३ मध्ये दत्तक झालेल्या मुलांनाही देशाबाहेर जाऊ देणं थांबवलं, आणि काही पालक किन्शासात मुलांजवळ जाऊन राहिले. तुझ्या बाबतीत असं काही होणारच नाही असं लिहून देणारी मी कोण? पण तुझी एनओसी झालेली आहे, दोन्ही सरकारांचा होकार फाईलला लावलेला आहे, आणि आज भारतात असा कुठला दरवाजा बंद होत नाहीये. रात्री दोन वाजता दुसऱ्यांच्या मुलांचं दुःख वाचून तुझ्या फाईलवर सही होत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि ओडिया शब्द पाठ कर.

सासूबाईंच्या ‘कोणाला बोलू नकोस’चा तुला राग आला आहे. त्यामागे थोडी दृष्टीची भीती असेल, थोडी ‘लोक काय म्हणतील, कोणाची कोण’ हीही असेल. त्यासाठी त्यांना फुल्यांच्या यशवंताचं उदाहरण देऊ नकोस, मी अनेक सासूबाईंवर ते वापरून पाहिलंय, त्या मान डोलावतात आणि पुन्हा तेच बोलतात. पण या वेळी, कारण कुठलंही असो, त्यांचं म्हणणं ऐक. जवळच्या चारजणांना सांग, ज्यांच्यासमोर रडता येईल त्यांना. बाकी गावाला आत्ता नको. आणि फोटो तर कुठेही टाकू नकोस, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तिची गोष्ट तिची आहे. ती कोणाला किती सांगायची ते ती मोठी होऊन ठरवेल, सांगलीच्या आत्याबाईंनी आधी फॉरवर्ड करून टाकायची नाही.

नाव बदलायचं मनात असेल तर थांब. तीन वर्षं ती ज्या हाकेला वळून बघते आहे, तेवढंच एक सामान ती नक्की स्वतःबरोबर आणणार आहे.

आणि कागद नाही, दृष्टीची भीती आहे, तरी सासूबाई गोधडी शिवतायत, म्हणजे त्यांचं मन कुठे आहे ते दिसतंच. ती गोधडी न्यू जर्सीच्या खोलीत घडी घालून ठेवू नकोस. सांगलीहून ती थेट ओडिशाला पाठवायला सांग, आत्ताच, या महिन्यात. अधीक्षकांना आधी विचार. संस्थेत वस्तू सामाईक होतात, म्हणून कोपऱ्यात मुलीचं नाव दोऱ्याने भरून पाठवायला सांग. शक्य असेल तर शेजारच्या खाटेवरच्या त्या चावऱ्या मैत्रिणीसाठीही एक. तिला त्या गोधडीवर महिना-दोन महिने झोपू दे, सांडू दे, ओली करू दे. मग तू तिला घेऊन विमानात बसशील तेव्हा ती गोधडी हातातल्या पिशवीत ठेव, सामानात टाकू नकोस.

आणि घरी पोचलात की धुऊ नकोस. कितीही वास आला तरी.

— माई